उधईने फोडलेल्या पिशव्या टाकायच्या का? सातपुड्याच्या पायथ्याशी पालापाचोळ्याच्या मोजणीचं एक प्रकरण

यावल तालुक्यात केळीचे पट्टे संपतात आणि सातपुड्याची चढण सुरू होते, त्या कडेला आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाने पालापाचोळा किती वेगाने कुजतो हे मोजायला घेतलं. पद्धत बाहेरून आली होती आणि जगभर एकसारखी वापरली जाते: चहाच्या पिशव्या जमिनीत पुरायच्या, तीन महिन्यांनी काढायच्या आणि वजन किती घटलं ते बघायचं. परदेशातल्या एका विद्यापीठातला गट कोरड्या उष्ण प्रदेशांतली आकडेवारी एकत्र करत होता, त्यांच्या निमंत्रणावरून आम्ही सामील झालो. तीन महिन्यांनी नमुने बाहेर काढले तेव्हा जंगलाच्या उतारावरच्या कितीतरी पिशव्या उधईने, म्हणजे वाळवीने, फोडलेल्या निघाल्या. नियमाप्रमाणे फाटलेली पिशवी बाद. पण आमच्या उतारावर पाल्याचं काय होतं याचं उत्तर नेमकं त्या फाटलेल्या पिशव्यांतच होतं. हे प्रकरण त्या एका निर्णयाचं आहे.

आधी पद्धतीबद्दल, कारण वादाचं मूळ तिच्यातच आहे.

गळलेलं पान कुजलं नाही तर त्यातलं नत्र आणि स्फुरद मुळांपर्यंत परत जात नाही. ते कुजतं तेव्हा त्यातला बराचसा कार्बन हवेत जातो आणि थोडा मातीत मुरतो. वातावरणात आणि जगातल्या सगळ्या झाडाझुडपांत मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून जास्त एकट्या मातीत आहे. म्हणून कुजण्याच्या वेगात जरासा जरी फरक पडला तरी हवामानाच्या हिशोबात तो मोठा ठरतो. या वेगाचं साधं गणित जेरी ओल्सन यांनी १९६३ मध्ये मांडलं: जेवढं शिल्लक आहे त्याचा ठरावीक हिस्सा दर वर्षी कमी होतो. तो हिस्सा कुठे किती, हे शोधायला पुढे मोठे प्रयोग झाले. अमेरिकेत १९९० ला सुरू झालेला ‘लिडेट’ दहा वर्षं चालला. कॅनडात १९९२ चा ‘सिडेट’ बारा वर्षं. एकाच झाडाचा पाला जाळीच्या पिशव्यांत भरून टुंड्रापासून उष्ण जंगलापर्यंत ठेवायचा आणि वर्षावर्षाने थोड्या पिशव्या उचलून वजन करायचं, अशी ती रीत. पाला एकच असल्यामुळे जो फरक दिसेल तो जागेचा. पण अशा कामाला मोठा निधी लागतो, आणि वर्षानुवर्षं त्याच कामावर टिकणारी माणसं लागतात. आमच्यासारख्या तालुक्याच्या महाविद्यालयाला ते झेपणारं नव्हतं.

२०१३ मध्ये यूस्ट कोयस्कॅम्प आणि सहकाऱ्यांनी यावर तोडगा काढला तो चहाच्या पिशव्यांचा. बाजारात मिळणारी ग्रीन टीची पिशवी आणि रॉयबोसची पिशवी, दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच जाळीच्या. रॉयबोस म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाची लालसर, सुईसारखी पानं. ग्रीन टीत एक भाग नत्रामागे कार्बन साधारण बारा भाग असतो, रॉयबोसमध्ये त्रेचाळीसच्या आसपास. एक लवकर कुजणारा पाला, दुसरा चिवट. दोन्ही पिशव्या कोरड्या वजन करून आठ सेंटीमीटर खोल पुरायच्या, सुमारे नव्वद दिवसांनी काढायच्या, ७० अंशांवर वाळवून पुन्हा वजन करायचं. नव्वद दिवसांत ग्रीन टीतला पटकन कुजणारा भाग संपलेला असतो, म्हणून तिच्यावरून कळतं की कितीसा भाग न कुजता स्थिरावतो. रॉयबोस तेव्हा अजून कुजण्याच्या पहिल्याच टप्प्यात असते, म्हणून तिच्यावरून वेग कळतो. एकदाच पिशव्या उचलून अख्ख्या वक्ररेषेचा अंदाज बांधता येतो, ही यातली खरी हुशारी. त्यासाठी जोडीतल्या दोन्ही पिशव्या धड असायला हव्यात. एक गेली की दुसरीच्या वजनाचा वेग काढायला उपयोग राहत नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

हीच दोन पेयं घेऊन २०१६ मध्ये इका जुकिच यांनी ‘टीकॉम्पोझिशन’ नावाचा जागतिक उपक्रम सुरू केला. २०१८ मध्ये त्यांचा पहिला लेख आला, त्यात ३३६ ठिकाणांची तीन महिन्यांची मोजणी होती. सरासरी तापमान उणे ९ पासून २६ अंशांपर्यंत, पाऊस वर्षाला ६० मिलिमीटरपासून ३११३ मिलिमीटरपर्यंत, इतका त्या ठिकाणांचा पल्ला. निष्कर्ष असा की पहिल्या तीन महिन्यांत किती कुजेल हे मुख्यतः पाला कोणत्या जातीचा यावर ठरतं, हवामानाचा वाटा त्या मानाने फार लहान. मला हा लेख महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठी की इतक्या माणसांनी आपापल्या मातीत एकच गोष्ट, एकाच खोलीवर, एकाच रीतीने पुरली. आपल्याकडे दोन तालुक्यांतले पर्जन्यमापकाचे आकडे जुळवतानासुद्धा किती अडचणी येतात ते पाहिलं की याचं मोल कळतं.

जागा

खान्देशात एका दिवसात, एका दुचाकीवर, तीन वेगळ्या जगांत जाता येतं. तापीकाठची काळी कसदार जमीन आणि तिच्यावर बारमाही ठिबकावरची केळी. तिथून उत्तरेला सरकलं की बझाडा, म्हणजे सातपुड्यातून वाहून आलेल्या गोट्यावाळूचा सच्छिद्र पट्टा, ज्यात पावसाचं पाणी खोल मुरतं. त्याच्याही वर अंजन, साग, सालई, धावड्याचं पानगळीचं जंगल. पाऊस साधारण सातशे मिलिमीटर, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबर. उरलेले आठ महिने कोरडे, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे.

आम्ही तीन ठिकाणं धरली: केळीची बाग, कोरडवाहू कापसाचं शेत आणि जंगलाचा उतार. उतार यावल अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा निवडला, कारण अभयारण्यात संशोधनासाठी जायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि ती येईपर्यंत पावसाळा हातचा गेला असता. बाहेरचं जंगलही राखीव, त्यामुळे वनविभागाकडे अर्ज केलाच. कुणी यात पडणार असेल तर फेब्रुवारीतच अर्ज द्या.

केळीचा मालक आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा बाप. आम्ही त्यांना नाना म्हणतो. पिशव्या पुरताना ते बांधावर उभे होते. म्हणाले, “सर, जमिनीले चहा पाजू राह्यले का तुम्ही?” मग बसून सगळं ऐकलं आणि त्यांनीच विचारलं, की पिशवी ठिबकच्या नळीखाली पुरणार की दोन ओळींच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात. हा प्रश्न आलेल्या कागदांत कुठेच नव्हता. पाऊस सगळीकडे सारखा पडतो असं गृहीत धरलेल्या पद्धतीला ठिबकाची बाग माहीत नसते. मृगात लावलेल्या बागेत तर पिशव्यांचे तीन महिने पावसातच जातात, तिथे फरक थोडा. पण फेब्रुवारी ते मे या काळात नळीखालची माती ओली आणि गरम, तर हातभर अंतरावरची भाजलेली. जीवाणू आणि बुरशीला ओल आणि ऊब दोन्ही लागतात, आणि उन्हाळ्यात या दोन्ही एकत्र फक्त नळीखाली सापडतात. आम्ही दोन्हीकडे जोड्या पुरल्या आणि तक्त्यात ‘नळीखाली’ आणि ‘ओळीमधे’ असे दोन रकाने केले. नानांच्या त्या एका प्रश्नामुळे पुढे संयोजकांनीही ओलिताच्या ठिकाणांसाठी हा रकाना ठेवला.

काळ्या मातीने दुसरी अडचण आणली. ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पिशवीच्या जाळीची छिद्रं पाव मिलिमीटरची. ओल्या मातीचे कण त्यातून आत शिरतात आणि वाळवल्यावर चहाला चिकटून बसतात. हलक्या हाताने घासून माती निघते, पण सगळी निघत नाही. मग पिशवीचं वजन घटायच्या ऐवजी वाढलेलं दिसायचं. यावर उपाय जुनाच आहे: वाळलेला चहा मफल भट्टीत ५५० अंशांवर जाळायचा. सेंद्रिय भाग जळून जातो, राखेत माती उरते, ती वजा करायची. रसायनशास्त्र विभागाने भट्टी दिली. वालुकामय जमिनीत ही पायरी टाळली तर चालून जाईल, काळ्या मातीत टाळली तर आकडे खोटे येतील. पऱ्हाटी किंवा गव्हाचं काड रोटाव्हेटरने गाडून लगेच पुढचं पीक घेणाऱ्या शेतकऱ्यांना रॉयबोससारख्या चिवट पाल्याचं वागणं ओळखीचं वाटेल. नत्र कमी असलेला पाला कुजवताना जीवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात, आणि वरचं पीक काही आठवडे पिवळं पडतं.

उतारावर काय निघालं

जंगलातल्या जोड्या मृगाच्या आधी पुरल्या होत्या. पहिल्या मोठ्या पावसाने वर्षभर तापलेली माती भिजते तेव्हा तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा एकदम लोट येतो. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. तो पहिला पाऊस मोजणीत यावा म्हणून आम्ही आधी गेलो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला काढायला गेलो तेव्हा सोबत वाडीतले एक पावरा म्हातारे होते. सगळे त्यांना बाबा म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. आमच्या मुलांनी पहिली रॉयबोसची पिशवी उचलली. दोरा शाबूत, चिठ्ठी शाबूत, पिशवी हाताला भरलेली आणि जड. वरून मातीचा एक पातळ, गुळगुळीत पापुद्रा चढला होता, नखाने उचलला तर तुकड्यातुकड्याने निघाला. खाली जाळीला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. आत लाल सुया जवळपास नव्हत्याच, त्यांच्या जागी दाणेदार लालसर माती दाबून भरलेली. वजनाच्या तक्त्यात ही पिशवी ‘काहीच कुजलं नाही’ अशी दिसली असती, कारण आत गेलेल्या मातीने बाहेर गेलेल्या चहाची भरपाई केली होती.

बाबा बघत होते. म्हणाले, “उधई उघड्यावर नाही खात सर. आधी माती चढवते, मग आत बसून खाते.” आणि शेजारची ग्रीन टीची पिशवी हातात घेऊन म्हणाले, “हे नाही आवडलं तिला.” त्या उतारावर बहुतेक जोड्यांत असंच होतं: रॉयबोस फोडलेली, ग्रीन टी तशीच. ग्रीन टीतल्या तुरट द्रव्यांमुळे ती नको झाली असेल आणि चिवट, काष्ठमय पाला उधईला जवळचा, असा माझा तर्क आहे. तर्कच, सिद्ध काही केलेलं नाही. पण हिशोबावर त्याचा परिणाम स्पष्ट होता. वेग काढायला जी पिशवी लागते नेमकी तीच जात होती.

सातपुड्यातली वारुळं बांधणारी उधई मुख्यतः ओडोंटोटर्मिस या प्रजातीतली (जीनस). ती स्वतःच्या पोटात सगळं पचवत नाही. पाला, लाकूड, शेणाचे तुकडे वारुळात नेते, तिथे त्यांचा चोथा रचून त्यावर बुरशी वाढवते, आणि बुरशीने मऊ केलेलं खाते. पावसाळ्यात वारुळावर जी छत्रीसारखी अळिंबी उगवते आणि जी वाडीत आवडीने खाल्ली जाते, ती याच बागेतली बुरशी. म्हणजे आमच्या पिशवीतून गेलेली रॉयबोस कुजली होती असं म्हणता येत नाही. ती हलवली गेली होती. कदाचित वीस पावलांवरच्या वारुळात ती अजून कुजत होती.

वाद

संयोजकांबरोबरच्या बैठकीत त्यांची बाजू सरळ होती. पद्धतीत पाव मिलिमीटरची जाळी ठेवण्याचं कारणच हे, की मोठे प्राणी बाहेर राहावेत आणि जीवाणू, बुरशी, फार तर अगदी बारीक किड्यांचं काम मोजलं जावं. जाळी फुटली की त्या पिशवीत दुसरीच प्रक्रिया मोजली जाते. एका देशात बाद करायचं आणि दुसऱ्यात ठेवायचं, असं केलं तर तुलनेचा पायाच ढासळतो. फाटलेल्या पिशव्या वगळा, धड जोड्यांवरून वेग काढा, एवढंच त्यांचं म्हणणं.

आमचं म्हणणं मांडायला मी एक कल्पित उदाहरण घेतलं. समजा उतारावर दहा जोड्या पुरल्या आणि सहा उधईने फोडल्या. उरलेल्या चार कुठल्या? जिथे उधई पोचली नाही तिथल्या. त्या चारांवरून काढलेला आकडा नकाशावर ‘सातपुडा, पानगळीचं जंगल’ म्हणून चढणार. तो आकडा सांगणार की इथे चिवट पाला हळू कुजतो. इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा, सागाची वाळकी फांदी पावसाळाभर जमिनीवर पडली तर तिचं काय होतं. आकडा खरा असेल, पण तो उधई नसलेल्या सातपुड्याचा असेल, आणि असा सातपुडा कुठे नाही.

माझ्या बोलण्याला आधार मिळाला तो २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एमी झॅन आणि सहकाऱ्यांच्या लेखाचा. सहा खंडांतल्या १३३ ठिकाणी त्यांनी पाइन लाकडाचे ठोकळे ठेवले, काही उधईला बंद, काहींना उधई शिरेल अशी भोकं. तापमान दहा अंशांनी वाढलं तर उधईमुळे होणारं लाकडाचं कुजणं ६.८ पटींहून जास्त वाढतं, असं त्यात दिसलं. जीवाणू आणि बुरशीच्या बाबतीत ही वाढ दुपटीच्याही आत होती. उधईचा सगळ्यात मोठा प्रभाव दिसला तो पानगळीच्या उष्ण जंगलांत, उष्ण गवताळ रानांत आणि उपोष्ण वाळवंटांत. पहिलं वर्णन आमच्या उताराचंच आहे. जग तापत असताना ज्या प्रक्रियेचा वाटा सगळ्यात झपाट्याने वाढणार, तीच आम्ही ‘खराब नमुना’ म्हणून कचऱ्यात टाकत होतो.

पण त्याच बैठकीत हेही मान्य करावं लागलं की फोडलेल्या पिशवीचं वजन तसंच सूत्रात घालणं त्याहून वाईट. नेलेला पाला कुजलेल्या पाल्यात मोजला जाईल, आत भरलेली माती न कुजलेल्या पाल्यात, आणि या दोन चुका एकमेकींत मिसळून आकडा मधेच कुठेतरी, अगदी पटण्यासारखा येईल. असा आकडा पकडणंही कठीण. तेव्हा वेगाच्या रकान्यात फोडलेली पिशवी घालायची नाही, ही संयोजकांची अट मी पूर्णपणे मान्य केली.

अडलं होतं ते ‘वगळा’ या शब्दाच्या अर्थावर. हिशोबातून वगळणं आणि नोंदीतून वगळणं या दोन वेगळ्या गोष्टी. जागतिक तक्ता पाठवताना आतापर्यंत फक्त धड जोड्यांच्या ओळी जात होत्या. पुरल्या किती, निघाल्या किती, फुटल्या किती आणि कशाने, हे कुठेच जात नव्हतं. दूरच्या विद्यापीठात संगणकावर बसलेल्या माणसाला चार ओळी दिसतात. त्याच्यासाठी चारच पुरल्या होत्या.

ठरलं ते

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक पुरलेल्या पिशवीची ओळ तक्त्यात राहील, ती सापडली नाही तरी. हरवली, फाटली, उधईने फोडली, उंदीर-घुशीने उकरली, जळाली, यांतलं काय ते लिहायचं. उधईच्या बाबतीत पापुद्रा नुसता वरून आहे की आत माती भरली आहे हेही लिहायचं, आणि शक्य असेल तर पिशवीतली माती जाळून वजा केल्यावर खरा पाला किती उरला तेही. त्या वजनातून वेग काढायचा नाही, पण ‘या ठिकाणाहून किती पाला हलवला गेला’ एवढं त्यातून सांगता येतं. हा आकडा आजवर कुठल्याही ठिकाणचा त्या तक्त्यात नव्हता. आता दोन ठिकाणांचा आहे, आमचा आणि आमच्यानंतर दुसऱ्या एका उष्ण देशातल्या गटाचा, ज्यांना हाच अनुभव आला होता आणि ज्यांनी तोवर पिशव्या गुपचूप वगळल्या होत्या.

याच बैठकीत कुणीतरी कापडाचा मुद्दा काढला तो बरा झाला. चहाच्या कंपनीने २०१७ च्या सुमारास पिशवीचं कापड बदललं, विणलेल्या जाळीच्या जागी न विणलेलं आलं. जगभरच्या मोजपट्टीचा पाया एका बाजारू मालावर असला की असं होणारच. तेव्हा पिशवी कुठल्या कापडाची हेही ओळीत आलं. जुन्या आणि नव्या कापडाला उधई सारखीच लागते की नाही, हे बघायला आमच्यासारखी जागा उपयोगी पडेल, असं संयोजकांनीच सुचवलं.

चहाच्या पिशवीने जे कळणार नाही त्यासाठी स्थानिक पाला घ्यायचा ठरला: अंजनाची पानं आणि सागाची. प्रत्येकाच्या दोन पिशव्या, एक बारीक जाळीची, दुसरी तीच पण उधईला वाट देणारी भोकं पाडलेली. झॅन यांच्या ठोकळ्यांची युक्ती पानाला लावली, एवढंच. दोघींतला फरक म्हणजे उधईचा वाटा. अंजनाचं पान लहान, चामड्यासारखं. उन्हाळ्यात चाऱ्याला तोडतात, त्यामुळे उतारावर ते आधीच कमी गळतं. सागाचं मोठं, खरखरीत, आणि पावसाळ्यात अळीने जाळी करून टाकलेलं. अळीने खाल्लेलं पान वेगळं कुजतं की नाही हा विद्यार्थ्यांचा प्रश्न आहे, तो मी त्यांच्याकडेच ठेवला आहे.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण सहभागी होऊ इच्छिणारी महाविद्यालयं इथेच अडखळतात. स्थानिक पाला किंवा माती परदेशी प्रयोगशाळेत पाठवणं ही साधी टपालाची बाब नाही. जैवविविधता कायदा, २००२ नुसार परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला संशोधनासाठी इथलं जैविक साहित्य घ्यायचं तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या सहयोगी प्रकल्पांना सवलत आहे, पण ती आपोआप मिळत नाही, प्रकल्प तसा मंजूर करून घ्यावा लागतो. आम्ही सोपी वाट धरली. पाला इथेच राहील, वाळवणं, जाळणं, वजन इथेच, आणि बाहेर फक्त आकडे जातील. त्यामुळे यंत्रं आपल्याकडे असायला हवीत असा दबाव महाविद्यालयावर आला. तो चांगला आहे. नमुने गोळा करून द्यायचे आणि विश्लेषण दुसरीकडे व्हायचं, या जुन्या वाटणीत आपल्या मुलांना फक्त खड्डे खणता येतात.

दोन गोष्टींवर तोडगा निघाला नाही. पहिली आग. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि वारा असेल तर ती आग उतारावर चढते. वनविभाग जाळरेषा काढतो, तरी दर वर्षी कुठेतरी वणवा लागतोच. जिथे पाला जळतो तिथे वर्षभराची पानगळ काही मिनिटांत धूर आणि राख होते, आणि खाली आठ सेंटीमीटर पुरलेल्या चहाला तिचा बहुधा पत्ताही लागत नाही. मोह वेचणारे लोक जाळतात ते गरजेपोटी. वर्षाचं मीठ-मिरची त्या फुलांवर निघतं. बाबांनी सांगितलं की काही घरं आता झाडाखाली जुनी साडी अंथरतात किंवा पाला झाडून बाजूला ढिगात लावतात. असे जाळलेले आणि झाडलेले मोह शेजारी शेजारी सापडले तर त्याखाली पिशव्या ठेवायच्या आहेत, त्या घरांशी बोलणं चालू आहे.

दुसरी गोष्ट ऊन. एमी ऑस्टिन आणि लुसिया व्हिव्हान्को यांनी २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये पॅटागोनियातल्या अर्धकोरड्या माळावरचं काम मांडलं, की तिथे जमिनीवर पडलेला पाला जीवाणूंपेक्षा सूर्यप्रकाशानेच जास्त झिजतो. साग हिवाळ्याच्या शेवटी पानं टाकतो, आणि ती मेअखेर उघड्यावर तापत पडतात. पुरलेली पिशवी हे पाहू शकत नाही. म्हणून अंजन आणि सागाच्या पिशव्यांची एक रांग जमिनीवर, होळीनंतर लगेच ठेवायची आहे. शेळ्या आणि ढोरं ती किती दिवस राहू देतील याबद्दल वनमजूर फार आशावादी नाहीत. काटेरी कुंपण घातलं तर सावली बदलते, नाही घातलं तर पिशवी जाते. बोरीच्या फांद्यांचं विरळ कुंपण दुपारच्या उन्हात किती सावली पाडतं हे विद्यार्थी सध्या प्रकाशमापकाने बघत आहेत.

नंदुरबार आणि धुळ्याकडच्या महाविद्यालयांनी यात यावं असं मला मनापासून वाटतं. तोरणमाळच्या पठारावर पाऊस जास्त आणि थंडी जास्त, अनेर धरणाच्या परिसरात आमच्यासारखीच कोरडी पानगळ. एकाच खान्देशात उंचीनुसार उधई कुठे संपते हे दिसलं, तर दहा अंशांच्या त्या ६.८ पटींची पडताळणी इथल्या इथे करता येईल. पिशव्यांची पुढची खेप मे महिन्यात येते. पुरायच्या त्या मृगाच्या आधीच, आणि तक्त्याचा नवा नमुना, सगळ्या रकान्यांसह, मराठीत तयार आहे.